बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका

घरात बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार असलेलं माणूस असेल, तर आज रात्री जेवणं झाली की त्याच्या शेजारी बसा, गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या आणि त्याच्याशी बोलत बोलत बघा, तारखेच्या हिशेबाने गोळ्या संपतायत का. हे चोरून करू नका. माझा धाकटा भाऊ या आजारासोबत जगतो, म्हणून जीव तोडून सांगतेय. गोळ्या सुटतात त्या बहुधा बरं वाटायला लागल्यावरच. त्यात एखादे काका म्हणतातच, "आता ठणठणीत आहे की, कशाला त्या गोळ्यांची सवय?"

गोळ्या सोडायचा मोह जाणकारांनाही होतो. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. याच आजाराच्या अभ्यासक. स्वतःलाही तो आहे, हे त्यांनी १९९५ साली 'ॲन अनक्वायट माइंड' या आत्मकथनात उघडपणे लिहिलं. उन्मादाच्या भरात त्यांनी सर्पदंशावरच्या उपचारपेट्यासुद्धा विकत घेतल्या होत्या. बिलांचा ढीग निस्तरायला त्यांचा भाऊ धावून आला, त्याने कर्ज काढलं. लिथियम या औषधाने आपण ताळ्यावर राहतो, हे ठाऊक असूनही त्या ते पुनःपुन्हा सोडत राहिल्या. उन्मादातला तो वेग हवाहवासा वाटायचा. शिवाय औषधाने मळमळायचं, पुस्तकात लक्ष लागायचं नाही. पुढे भयंकर नैराश्य आलं आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून त्या थोडक्यात वाचल्या. इतकी जाणकार बाई जिथे अडखळली, तिथे आपल्या पोराला 'बेजबाबदार' म्हणून काय साधणार? काय त्रास होतो ते विचारा, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. जेमिसन यांचीही मात्रा पुढे कमी झाली आणि त्या पुन्हा वाचू लागल्या.

लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी टाळू नका. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. किडनी आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावी लागतात. जुलाब-उलट्या, उन्हातली मेहनत, निर्जळी उपवास, एकदम मीठ तोडणं, मनाने घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, या सगळ्यांनी रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. हात जास्त थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि झोपेवर लक्ष ठेवा. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, रात्री दोनला फोन, नव्या धंद्याच्या गोष्टी, पैशांची उधळण, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. "बाहेरचं काही असेल", "लग्न करून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्यांना हात जोडा.

मरणाची भाषा ऐकू आली तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, शेजाऱ्यांनाही द्या.