फ्यूजला न दिसणारी आग

देशातल्या मोटारनिर्मितीच्या इतिहासात सोलापूरलाही एक कोपरा आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच गावात झाला. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीने मध्यमवर्गाला मोटार म्हणजे काय ते शिकवले. त्या गाडीचे वायरिंग बॉनेट उघडताच डोळ्यांना समजत असे. आजच्या गाडीत वायरींची जुडगी आणि असंख्य कपलर असतात. म्हणून आपण बॉनेट उघडणेच सोडून दिले. माझे म्हणणे असे, की दुरुस्ती मिस्त्रीने करावी. पाहणी मात्र मालकाने केलीच पाहिजे.

आपली सारी भिस्त फ्यूजवर असते. पण फ्यूज अडवतो तो जादा प्रवाहाला. सैल जोड त्याला दिसत नाही. एखाद्या कपलरमधली पिन गंजली आणि तिथे अवघ्या 0.1 ओहमचा अडथळा आला, असे समजा. त्यातून 10 अँपिअर प्रवाह गेला, तर तांदळाएवढ्या जागेत 10 वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून 15 अँपिअरचा फ्यूज स्वस्थ बसतो आणि इकडे प्लॅस्टिक वितळत जाते. बँकेत आयुष्य काढल्यामुळे हे मला ओळखीचे वाटते. मर्यादेबाहेर गेलेले खाते वहीच दाखवते. मर्यादेतली गळती प्रत्यक्ष तपासणीशिवाय सापडत नाही.

त्यात आपली हौस. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतात. त्या जागी 100 वॅटचे बसवले की जवळजवळ 17. वायर तीच, कपलर तेच, पण जोडातली उष्णता पावणेतीनपट. मग फ्यूज उडतो, आणि 'चालतंय की' म्हणत त्या जागी 30 चा फ्यूज किंवा तांब्याची तार बसते. फ्यूज का उडाला, हे कोणी विचारत नाही.

पाहणी अवघड नाही. इंजिन गार होऊ द्यावे, किल्ली काढावी, हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण तिथे हायड्रोजन वायू असू शकतो. बॅटरी सोडवायची तर ऋण टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी जोडावे. नाहीतर धन टर्मिनलवरचा पाना बॉडीला लागला की ठिणगी उडालीच. कपलर काढताना खिटी दाबून कवच धरावे, वायर ओढू नये. आत हिरवट गंज, तपकिरी डाग, वाकलेली पिन किंवा करपल्याचा वास आहे का, ते पाहावे. पिना कानशीने घासू नयेत. वरचा मुलामा जातो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि उन्हाळ्यात गोंद पाघळून सुटलेली काळी टेप, याही नोंदी घ्याव्यात.

आणि थांबायचे कुठे, हेही ठाऊक हवे. पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात नको, मल्टिमीटर तर मुळीच नको. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींत शेकडो व्होल्ट असू शकतात. तिथे घरच्या माणसाचे काम संपले.

शेवटी एक गोष्ट मिस्त्रीच्या बाजूने. पंधरा मिनिटांत जादा हॉर्न लावून द्या, आणि तोही कमी पैशांत, असा हट्ट आपणच धरतो. मग वायर पिळून टेप गुंडाळण्याखेरीज तो काय करणार? रिले घालायला, योग्य जाडीची वायर ओढायला, बिघाड शोधायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे आपण घासाघीस न करता द्यायला शिकलो, तर गाडीत मागे बसलेली नातवंडे अधिक सुरक्षित राहतील.