पुठ्ठ्याचा रणगाडा

परवा सकाळी ओट्यावर उन्हाला बसून पुठ्ठा कापत होतो. गल्लीतले एक गृहस्थ दूध घेऊन चालले होते. थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय करलालाव सर?" म्हटलं, "रणगाडा." ते हसले. "या वयात हरिपाठ करावा माणसानं, रणगाडे काय करता!" आणि पुढे निघून गेले.

हरिपाठ मी रोज करतो, ते त्यांना ठाऊक नसावं. असो. पण त्यांचं बोलणं दिवसभर डोक्यातून जाईना. पंचाहत्तरी गाठलेला, सगळी हयात बिलोलीच्या परिसरात मराठी शिकवण्यात घालवलेला हा मास्तर रणगाडे का बनवतो, याचं उत्तर मलाही एकदा नीट द्यायचंच होतं.

सुरुवात १९६५ सालची. आमच्याकडे पोळ्याला लेकरं काळ्या मातीचे बैल करतात. त्या वर्षी पोळा होऊन गेला आणि आठ-पंधरा दिवसांत लढाई पेटली. रेडिओभोवती माणसं जमायची. 'पॅटन टँक' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडले, ही बातमी आली आणि मी पोळ्याच्या उरलेल्या मातीचा रणगाडा केला. तो रणगाड्यापेक्षा शिंगं मोडलेल्या बैलासारखाच जास्त दिसत होता. पण हाताला चटक लागली ती लागलीच.

शब्दाचीही एक गंमत सांगतो. पहिल्या महायुद्धात १९१६ साली इंग्रजांनी हे यंत्र रणांगणावर आणलं. ते गुप्त राहावं म्हणून कारखान्यात त्याला पाण्याची टाकी, म्हणजे 'टँक' म्हणत. तेच नाव चिकटलं. आणि त्या 'टँक' शब्दाचं नातं शब्दकोशकार आपल्या 'टाके'शी आणि गुजराती 'टांकी'शीही जोडतात. आपण मात्र वेगळा शब्द घडवला, रणगाडा. गाडा म्हटलं की ओढणारा आला, हाकणारा आला, आत बसणारा आला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे शिक्षक झालो तेव्हा या नादाचा उपयोग झाला. गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा तास मी घ्यायचो. 'प्रमाण' हा धडा फळ्यावर कधी कुणाला कळला आहे? मी मुलांना सांगायचो, शर्मन रणगाडा साधारण ५ मीटर ८० सेंटिमीटर लांब. आपल्याला १:२० करायचा आहे, किती झाला? २९ सेंटिमीटर. उंची पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे १४ सेंटिमीटर. आता त्यातला माणूस करा. साडेपाच फुटांचा माणूस आठ-साडेआठ सेंटिमीटरचा होतो. इथं मुलं थबकायची. तो माणूस एवढ्याशा डब्यात बसवायचा, तोही एकटा नाही, पाच जण. एक चालवणारा, एक त्याच्या शेजारी मशीनगनवर, एक तोफेचा नेम धरणारा, एक गोळा भरणारा आणि एक हुकूम देणारा. शिवाय तोफेचे गोळे, मागे इंजीन. "सर, उन्हाळ्यात हे कसे बसत असतील?" असं एका पोरानं विचारलं होतं. त्या दिवशी धडा कळला असं मी समजलो.

सामान काय, तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, पट्ट्यांसाठी सायकलची जुनी ट्यूब, चाकांना बाटलीची झाकणं, तोफेला संपलेली रिफील आणि फेविकॉल.

आता मुख्य गोष्ट. १९९८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली. १७ सप्टेंबरला प्रदर्शन ठरलं. मी मुलांना घेऊन शर्मन केला. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली भारतीय फौज निघाली, त्यात शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. पाच दिवसांत निजाम शरण आला. आम्ही पुठ्ठ्यावर नळदुर्गचा किल्ला केला, पूल केला, पुलावर रणगाडा. माझ्या वडिलांनी रझाकारांच्या दहशतीच्या रात्री काढलेल्या. आमच्याच बिलोली तालुक्यात अर्जापूरला १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. तो रणगाडा म्हणजे आमच्या घरात सुटकेचं चित्र होतं. छाती फुगली होती माझी.

प्रदर्शन बघायला माझे एक जुने स्नेही आले, उर्दू शाळेतले गुरुजी. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "टँक तो बहुत अच्छा बनाए सर." मग हळूच म्हणाले, "इसके जाने के बाद गाँव में क्या हुआ, वो कहाँ बताए?"

मला उत्तर सुचलं नाही. काय झालं ते मला ऐकून माहीत होतं. आमच्या भागात सगळ्यांनाच ऐकून माहीत असतं, पण बोलायची पद्धत नाही. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशांवर निघाला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं तेव्हाच चौकशी केली होती. तो अहवाल लोकांना वाचायला मिळेपर्यंत २०१३ साल उजाडलं. त्यात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं नांदेड आहे. हा आकडा मी वाचला तेव्हा निवृत्त झालो होतो. पण गुरुजींना तो वाचायची गरज नव्हती.

मी रणगाडा मोडला नाही. मोडायला नको होता, कारण वडिलांची सुटकाही खरी होती. पुढच्या वर्षी मी पुलाच्या अलीकडे एक घर केलं. समोर आड, आडावर घागर, घराचं दार बंद. पाटी लावली नाही. मुलं विचारायची, "हे घर कुणाचं सर?" मी म्हणायचो, "घरी जाऊन आजोबांना विचारा." गुरुजी पुन्हा आले, पुन्हा चष्मा वर केला. म्हणाले, "दरवाजा छोटा हो गया सर. आदमी अंदर कैसे जाएंगा?" मोजलं तर खरंच, दार सात सेंटिमीटरचं झालं होतं. रणगाड्याची मापं मी पुस्तकातून काढली होती, घराचं दार मात्र अंदाजानं कापलं होतं. दोघंही हसलो. पण ती चूक मला अजून बोचते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. लढाईच्या यंत्रांच्या प्रतिकृती करणं म्हणजे युद्धाचं वेड, असं काही शहाणी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. नातू मोबाइलवर रणगाड्यांचा खेळ खेळतो. तिथे रणगाडा फुटतो आणि लगेच दुसरा मिळतो. हातानं केलेल्या रणगाड्याला मला पंधरा दिवस लागतात. तो फुटू नये असंच वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. नुसता रणगाडा करून काचेच्या कपाटात ठेवला, तर तोही खोटंच बोलतो. कुठल्या रस्त्यावरचा, आत कोण, समोर कोण, मागं काय राहिलं, हे शेजारी मांडलं पाहिजे. जमेल तेवढं, पण त्याच मापानं.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. लेकरांना तिथं जरूर न्या. जाताना दोन नावं सांगा. एक अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत जळता रणगाडा सोडायला नकार दिला तेव्हा वय २१. दुसरे लेफ्टनंट कर्नल तारापोर. ते आधी निजामाच्या हैदराबाद लान्सर्समध्ये होते, नंतर आपल्या पूना हॉर्समध्ये आले आणि १६ सप्टेंबर १९६५ ला देशासाठी पडले. दोघांनाही परमवीरचक्र. तारापोरांचं नाव ऐकलं की १७ सप्टेंबरच्या भाषणातले 'आपले' आणि 'त्यांचे' हे शब्द मला जरा जपून वापरावेसे वाटतात.

नातवानं यंदा पुण्याहून जपानी कंपनीचा प्लास्टिकचा संच आणला, १:३५ चा. आत बॅटरी आणि मोटर मावावी म्हणून तामियानं १९६१ साली एका रणगाड्याचा जो आकार ठरवला, त्यातून हे प्रमाण निघालं म्हणतात. सुटे भाग इतके सुबक, की मी बघतच राहिलो. त्याला म्हटलं, जोड खुशाल, पण सोबत एक घर तुझ्या हातानं कर, पुठ्ठ्याचं. तो म्हणाला, "आजोबा, घराचं माप कुठं मिळणार?"

आता रविवारी टेप घेऊन गावातल्या जुन्या घरांची दारं मोजायला जायचं ठरलंय. गुरुजी आज असते तर त्यांनाही सोबत घेतलं असतं. दूधवाल्या गृहस्थांनाही विचारणार आहे, येता का म्हणून.