पन्नास हजारांची अट कोणी घातली?

कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत दुखू लागते, ट्रोपोनिन वाढलेले येते आणि कॅथलॅबला फोन जातो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: प्लेटलेट किती? अडतीस हजार म्हटले की बोलणे बहुधा तिथेच आटोपते. अँजिओग्राफी रद्द होते, ॲस्पिरिनही बंद होते आणि रक्तस्राव टाळला याचे समाधान आपण मानून घेतो.

प्लेटलेट कमी म्हणजे गुठळीची भीती नाही, ही समजूत मुळातच चुकीची आहे. गाठीतून टिश्यू फॅक्टर रक्तात येत असतो, सिसप्लॅटिनसारखी औषधे रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावतात, छातीवर रेडिएशन झालेले असते. प्लेटलेट घटल्या म्हणून यातले काहीच थांबत नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २००७ मध्ये हृदयविकाराचा तीव्र त्रास झालेल्या कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्लेटलेट एक लाखाखाली असलेल्यांत ॲस्पिरिन मिळालेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण सात दिवसांनी जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी ६ टक्के. रुग्णसंख्या तिसाच्याही आत होती आणि ज्यांची आशा कमी त्यांनाच गोळी दिली गेली नसेल, ही शंका रास्त आहे. तरीही एवढी तफावत नुसत्या शंकेने झटकून टाकता येत नाही.

मग अँजिओग्राफीसाठी पन्नास हजार प्लेटलेटची अट आली कुठून? ‘स्काय’ या अमेरिकी संघटनेच्या २०१६ च्या तज्ज्ञ-निवेदनात निदानात्मक अँजिओग्राफीसाठी प्लेटलेटची किमान मर्यादाच ठेवलेली नाही. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत आकडे आहेत, पण ते गोळ्यांचे: १०,००० च्या खाली ॲस्पिरिन नको, ३०,००० च्या खाली क्लोपिडोग्रेल नको, ५०,००० च्या खाली प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर नको. आपण बहुधा गोळीची मर्यादा उचलून कॅथेटरला लावली, एवढेच.

एकटा आकडा तसाही फारसे सांगत नाही. केमोच्या दहाव्या दिवशीचे अडतीस हजार खाली चाललेले असतात, विसाव्या दिवशीचे बहुधा वर येणारे. दहाव्या दिवशीच्या रुग्णाचा स्टेंट चार-पाच दिवस थांबू शकतो का, हे ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि हा फोन निवासी डॉक्टरवर सोपवण्यासारखा नाही. आकडा अनपेक्षित असेल तर आधी स्मिअर पाहावा. ईडीटीएच्या नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले की यंत्र खोटा आकडा देते. सायट्रेटच्या नळीत नमुना घेतला की उलगडा होतो.

टेबलावरचे काम मात्र हात राखूनच करायचे. मनगटातून जावे, सोनोग्राफीखाली, शक्यतो पहिल्याच टोचणीत. पन्नास हजारांखाली हेपॅरिन किलोमागे ३० ते ५० युनिटपासून सुरू करून एसीटी पाहत वाढवावे. नेहमीचा डोस सवयीने देऊ नये. मनगटावरचा पट्टा काढायची घाई नको आणि पट्ट्याखाली धमनी वाहती आहे ना, हे पाहावे. प्रत्येकाला आधी प्लेटलेट चढवण्याची रीत तर सोडूनच द्यावी. ताप, झपाट्याने घसरणारा आकडा, रक्त गोठण्यातला आणखी काही दोष असेल तेव्हा हिमॅटॉलॉजिस्टच्या सल्ल्याने जरूर द्याव्यात. पण पिशवी पाच दिवसांत बाद होते, आणि तीच पिशवी रक्तस्राव सुरू असलेल्या कोणाला तरी हवी असते.

खरी कसोटी स्टेंट घालायचा की नाही, इथे लागते. अरुंद जागा डोळ्यांना साठ-सत्तर टक्के वाटली म्हणून या रुग्णात स्टेंट टाकणे म्हणजे पुढच्या केमोच्या वाटेत अडसर घालणे. रुग्ण स्थिर असेल तर एफएफआर करावे. रक्तपुरवठा पुरेसा असेल तर औषधांवर भागते. स्टेंट घालावाच लागला तर नव्या पिढीचा औषधलेपित निवडावा. जास्त रक्तस्रावाची भीती असलेल्यांत महिनाभर दोन गोळ्या देऊन नंतर एकीवर येता येते, हे २०१५ च्या ‘लीडर्स फ्री’ चाचणीनंतर गृहीत धरायला हरकत नाही. तीन महिने ठेवू, सहा महिने ठेवू, ही ओढाताण कर्करोगाच्या वेळापत्रकात बसत नाही.

डिस्चार्ज कार्डावर आपण ‘गोळ्या नियमित घ्या’ एवढेच लिहितो. रुग्ण पुढच्या केमोला जातो, आकडा बावीस हजारांवर येतो आणि तिथला डॉक्टर घाबरून दोन्ही गोळ्या एकदम बंद करतो. त्याचा दोष नाही; त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. कार्डावर स्टेंटची तारीख, दुसरी गोळी कधी संपते, कोणत्या आकड्याला कोणती गोळी थांबवायची आणि त्या वेळी कोणाला फोन करायचा, हे मराठीत लिहून द्यावे. मोबाइल नंबर आपला स्वतःचा, ओपीडीचा नव्हे.