‘साफ करताना गोळी सुटली’ म्हणे!

सातवीला प्रयोग शिकवताना मी मुलांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो : काम केले कोणी? ‘अन्वरने काच फोडली’ म्हटले की अन्वर सापडतो. ‘काच फुटली’ म्हटले की अन्वर गायब. उर्दूच्या तासाला तेच, ‘शीशा टूट गया’. ही सोय दोन्ही भाषांत आहे आणि मुले ती न शिकवता शिकतात. मोठी माणसे तीच सोय वर्तमानपत्रात वापरतात. मराठीत ‘रिव्हॉल्व्हर साफ करताना गोळी सुटली’, उर्दूत ‘पिस्तौल साफ करते हुए गोली चल गई’. वाक्याचा कर्ता गोळी. माणूस कुठेच नाही.

हे वाक्य खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे. नळीतून ब्रश फिरवायचा तर हत्यार आधी उघडावे लागते, आणि उघडले की आतले काडतूस समोर दिसते. म्हणजे ज्या क्षणी गोळी सुटली, त्या क्षणी सफाई सुरूच झालेली नव्हती. भरलेले हत्यार हाताळणे चालू होते. त्याला सफाई म्हणणे ही पदरची भर.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कुठे ‘साफ करताना’ असे छापून आले, कुठे ‘कपाटात ठेवताना हातातून पडून’. नेमके काय झाले त्यावर मी बोलणार नाही. सुदैवाने ते बरे झाले. पण दोन्ही वर्णनांत एक गोष्ट समान आहे : काडतूस आत होते. त्याची चर्चा दोन दिवसांत संपली, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच की हत्यार साफ करणे धोक्याचे असते. आमच्याकडे आता परवानाधारक मंडळी ऐटीत सांगतात, ‘सर, आम्ही तर त्याला हातच लावत नाही, दुकानदाराने तेल लावून दिलंय.’ जनाब, ही एहतियात नाही, हा आळस आहे.

दुकानातून आलेल्या नव्या हत्यारावर जे तेल असते ते बहुधा साठवणीत गंज लागू नये म्हणून असते. ते पुसून, नळी कोरडी करून, मग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे नव्याने थोडे तेल द्यायचे असते. ती पुस्तिका किती जणांनी उघडली आहे? मिक्सरची वाचतात, हिची नाही.

बहुतेक चुका क्रमाच्या आहेत. पिस्तुलात मॅगझीन आधी काढायची, मग स्लाइड मागे ओढायची. उलटे केले तर स्लाइड आतले काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधले दुसरे चेंबरमध्ये ढकलते. मग मॅगझीन काढून माणूस निर्धास्त होतो. त्यात ग्लॉकसारखी काही पिस्तुले खोलण्याआधी चाप ओढावाच लागतो. ‘साफ करताना’चा उगम कुठे आहे ते इथे कळेल. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघायचे, करंगळी घालून चाचपायचे, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाही, दुसऱ्या खोलीत. नळीचे तोंड तरीही माणसाकडे नको. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याची टोके हातात धरावीत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. ती आपल्याला पाठ असते, फक्त हत्यार बदलले की आठवत नाही.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे ०.३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे पुष्कळांकडे आहे. ते मधून मोडते आणि सहाही घरे एकदम दिसतात, त्यामुळे ‘आत एक राहिले होते’ म्हणायला तिथे जागाच नाही. नळीइतकीच ही सहा घरे साफ करायची असतात. आधी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी, काही मिनिटे थांबायचे, मग पितळी ब्रश, मग कोऱ्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. रॉड तोंडाकडून घालावा लागला तर नळीच्या कडेला घासू देऊ नका; ती कड झिजली की नेम बिघडतो. आणि काडतुसे उचलणाऱ्या चांदणीखाली बघा. तिथे न जळलेल्या दारूचे कण अडकतात आणि सिलिंडर नीट फिरत नाही. रिव्हॉल्व्हर ‘जाम’ झाल्याची तक्रार घेऊन धावणाऱ्यांनी आधी तिथे जुना टूथब्रश फिरवावा.

तेलाबद्दल तर बोलायलाच नको, इतका गोंधळ आहे. सॉल्व्हंट मळ सोडवतो, तेल घर्षण आणि गंज थांबवते. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये. घरातले मोहरीचे तेल हवेने चिकट होते, खोबरेल आमच्याकडच्या डिसेंबरात थिजते. हत्यारासाठी मिळणारे तेल घ्या आणि थेंबाने मोजा : बिजागरीवर एक, सिलिंडरच्या दांड्यावर एक, पिस्तूल असेल तर स्लाइडच्या खोबणींत एकेक. चेंबर कोरडे. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतणारे महाभाग आहेत. तिथे मळ साचून लगदा होतो. जास्तीचे तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ते वेळेला पेटणार नाही. स्वसंरक्षणासाठी म्हणून लाखभर रुपये मोजायचे आणि तेलात बुडवून ते निकामी करायचे!

चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवणे हा दुसरा शौक. चामडे ओल धरते. कोकणातल्या पावसाळ्यात त्याने काय होते ते कोकणवाल्यांना सांगायला नको.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. कायदा आहे. पण परवाना मिळाल्यावर वलीमा करणारे प्रशिक्षणाला ‘कागद’ म्हणतात. विकणाऱ्यानेही ग्राहकासमोर एकदा हत्यार रिकामे करून, खोलून, पुसून दाखवावे आणि मग त्याच्याकडून तेच करवून घ्यावे. अर्धा तास लागेल. ज्याला तेवढा वेळ नसेल त्याला विकू नये.

आणि ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांच्यासाठी : नळीतला काळा मळ नुसती काजळी नसतो, त्यात शिसे असते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हे काम नको, खिडकी उघडी हवी, मुले बाहेर हवीत. चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून टाका, हात साबणाने धुवा, त्यानंतरच पोराला कडेवर घ्या. हत्यार एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे.