मोठ्या स्क्रीनचा जीपीएस सायकल कॉम्प्युटर: जास्त पैसे मोजून नेमकं काय मिळतं?

जून २०२२ मध्ये गार्मिन कंपनीने 'एज १०४०' हा सायकलच्या हँडलबारवर लावायचा जीपीएस कॉम्प्युटर बाजारात आणला. किंमत ६०० डॉलर, वजन १२६ ग्रॅम. सगळ्या सुविधा सुरू ठेवून वापरला तरी बॅटरी ३५ तासांपर्यंत चालेल, असा कंपनीचा दावा होता.

बरोबर दोन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, त्याची पुढची आवृत्ती आली: 'एज १०५०'. किंमत ७०० डॉलर, वजन १६१ ग्रॅम आणि तशाच वापरात बॅटरी २० तासांपर्यंत.

म्हणजे १०० डॉलर जास्त, ३५ ग्रॅम जास्त आणि १५ तास कमी! जुन्या मॉडेलमध्ये उन्हावर थोडी थोडी चार्ज होणारी सोलार आवृत्तीही मिळत होती. नव्यात तीही नाही.

मग लोक नवं मॉडेल घेतात कशासाठी? एका शब्दात उत्तर द्यायचं तर स्क्रीनसाठी. गेल्या दोन-तीन वर्षांत सायकल कॉम्प्युटरच्या बाजारातली स्पर्धा बरीचशी याच एका गोष्टीभोवती फिरते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या वाहू कंपनीच्या 'एलिमेंट एस'ची स्क्रीन तर ३.८ इंचांची आहे आणि त्याचं वजन २०८ ग्रॅम आहे.

७०० डॉलर म्हणजे कर आणि आयात शुल्क धरण्याआधीच ६० हजार रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशांत आपल्याकडे एक चांगली सायकल येते. त्यामुळे हा खर्च कुणी करावा आणि कुणी करू नये, हे नीट समजून घ्यायला हवं.

स्क्रीन मोठी झाली की बदलली?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे स्क्रीनचा आकार आणि दुसरी म्हणजे स्क्रीनचा प्रकार.

एज १०४० आणि १०५० या दोन्हींची स्क्रीन ३.५ इंचांचीच आहे. बदलला तो प्रकार. जुनी स्क्रीन बाहेरचा उजेड परावर्तित करून दिसते. जितकं कडक ऊन, तितकी ती स्पष्ट. दिवसा तिला स्वतःचा दिवा फारसा लावावा लागत नाही. म्हणून बॅटरी टिकते. पण तिचे रंग फिके असतात आणि झाडांच्या सावलीत किंवा ढगाळ हवेत ती मलूल दिसते.

नवी स्क्रीन मोबाइलसारखी आहे. ठळक रंग, ४८० बाय ८०० पिक्सेल, नकाशा एकदम स्वच्छ. पण ती दिसते ती मागच्या दिव्यामुळे. त्यामुळे हिशेब उलटा होतो. ऊन जितकं कडक, तितका दिवा मोठा करावा लागतो आणि तितकी बॅटरी खर्च होते. भर दुपारी जुनी स्क्रीन आराम करते, नवी सर्वाधिक राबते.

गमावलेले १५ तास मुख्यतः इथे गेले आहेत.

मोठ्या स्क्रीनचा जीपीएस जास्त अचूक असतो का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तुमचं यंत्र किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडतं आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून तुमची जागा काढतं. उघड्या माळरानावर हे काम सोपं असतं. अडचण येते ती घाटात आणि उंच इमारतींच्या मध्ये. तिथे सिग्नल कड्यावर किंवा भिंतीवर आपटून यंत्राकडे येतो, म्हणजे लांबचा रस्ता घेऊन येतो. यंत्र फसतं आणि तुम्ही दरीतून सायकल चालवल्याची रेघ नकाशावर उमटते.

यावरचा उपाय म्हणजे एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारी चिप. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीमुळे सरळ आलेला सिग्नल कुठला आणि आपटून आलेला कुठला, हे ओळखणं सोपं जातं. ही सोय एज १०५० मध्ये आहे. पण ती एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.६ इंचांच्या एज ५४० मध्येही आहे आणि त्याची लाँचवेळची किंमत ३५० डॉलर होती, म्हणजे बरोबर निम्मी.

हार्ट रेट पट्टा, पॉवर मीटर, चढाची माहिती, तयार मार्गावर वळणाची सूचना हे सगळं छोट्या यंत्रातही असतं. थोडक्यात, तुमच्या सध्याच्या यंत्रात अंतर किंवा रेघ चुकत असेल, तर तुम्हाला नवी चिप हवी आहे. मोठी स्क्रीन नव्हे.

मग मोठी स्क्रीन कुणाच्या कामाची?

तिचे खरे उपयोग दोन.

पहिला उपयोग अनोळखी रस्त्यावर. २.६ इंचांवरून ३.५ इंचांवर गेलं की स्क्रीनचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. पण ही वाढ रुंदीत फारशी नसते, उंचीत असते. सायकल पुढे जाते, त्यामुळे उंची वाढली की पुढचा रस्ता जास्त दिसतो. छोट्या स्क्रीनवर पुढचं एक वळण दिसतं, मोठ्या स्क्रीनवर त्याच्या पुढचा फाटाही दिसतो. नकाशा आणि चढाचा आलेख एकाच पानावर मावतात. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात असताना पुढे चढ किती उरलाय, हे पान न बदलता कळणं ही मोठी सोय आहे.

दुसरा उपयोग डोळ्यांसाठी. याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही, पण लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये चाळिशी ओलांडलेल्यांची संख्या मोठी असते. ज्यांना चाळिशीचा चष्मा लागलाय, त्यांना हँडलबारवरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत. सायकल चालवताना वाचायचा चष्मा लावावा तर समोरचा रस्ता धूसर होतो. अशा माणसासाठी ठळक आकडे ही चैन नाही, गरज आहे.

यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात आठ मीटरहून जास्त अंतर कापते. आकडा वाचायला दोन सेकंद लागले, तर जवळपास १७ मीटर तुम्ही रस्त्याकडे न बघता गेलात. घाटाच्या उतारावर वेग ५० असेल, तर हेच अंतर २८ मीटर होतं. तेवढ्यात एखादा खड्डा सहज येऊन जातो.

म्हणजे एका नजरेत वाचता येणारी स्क्रीन फायद्याचीच. पण त्याच मोठ्या स्क्रीनवर दहा आकडे, मेसेज आणि नकाशा एकत्र भरले, तर ती पुन्हा तितकीच वेळखाऊ होते. जागा मिळाली आहे ती अक्षरं मोठी करण्यासाठी. आकडे वाढवण्यासाठी नाही.

४० तासांचं गणित

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त कुणाला भेडसावतो? बीआरएम, म्हणजेच ब्रेव्हे करणाऱ्यांना. ही स्पर्धा नसते, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं असतं. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास.

हे आकडे बॅटरीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. २० तासांची बॅटरी २०० च्या ब्रेव्हेला निवांत पुरते. ३०० ला, शेवटपर्यंत वेळ घेतला तर, अगदी काठावर येते. ४०० आणि ६०० ला वाटेत चार्ज करावंच लागतं. त्यात कंपनीचा आकडा 'पर्यंत' असतो, हे विसरून चालत नाही. बॅटरी वाचवणारा मोड लावला तर एज १०५० ६० तासांपर्यंत जातो, असं कंपनी सांगते. पण त्या मोडमध्ये ज्या स्क्रीनसाठी पैसे मोजले तीच बराच वेळ बंद ठेवावी लागते.

पॉवर बँक लावली की प्रश्न सुटतो, असं वाटेल. कोरड्या रात्री सुटतोही. पण जुलैच्या पावसात, चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण उघडं ठेवून घाट चढणं वेगळं. ब्रेव्हेत बाहेरची मदत फक्त ठरलेल्या कंट्रोलवरच घेता येते. त्यामुळे मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात यंत्र बंद पडलं, तर सोबतची गाडी थांबवून केबल मागता येत नाही. पावसाचे थेंब पडल्यावर टचस्क्रीन मनाने पानं बदलते, हा त्रास वेगळाच. अशा वेळी बटणांचं साधं यंत्र जास्त भरवशाचं ठरतं.

शर्यतीत चित्र वेगळं असतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. अशा शर्यतीत रस्ता बंद केलेला असतो, पुढे गाडी असते, दिवसाचा टप्पा काही तासांत संपतो. वाट चुकण्याची भीती नाही आणि बॅटरीची चिंता नाही. म्हणून व्यावसायिक सायकलपटू काय वापरतात हे बघून खरेदी करण्यात अर्थ नसतो. त्यांची गरज वेगळी, रात्री दोन वाजता एकट्याने फाटा शोधणाऱ्याची वेगळी.

बाजारात उलट्या दिशेचा पर्यायही आहे. जून २०२४ मध्येच कोरोस कंपनीने 'ड्युरा' आणला. स्क्रीन २.७ इंच, पण सौर पट्टीसह बॅटरी १२० तासांपर्यंत असल्याचा दावा आणि किंमत २४९ डॉलर. स्क्रीनवर खर्च करायचा की तासांवर, ही निवड इतकी स्पष्ट आहे.

नकाशाच रिकामा असेल तर?

बहुतेक सायकल कॉम्प्युटरमधले नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या प्रकल्पावर आधारित असतात. हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक भरतात. पुण्या-मुंबईतल्या गल्ल्याही त्यात सापडतात. पण आडगावातला रस्ता डांबरी आहे की कच्चा, नवा पूल कुठून गेला, हे कुणी भरलंच नसेल तर यंत्राला ते कळणार नाही.

मोठ्या स्क्रीनवर अपुरा नकाशा अपुराच राहतो. फक्त मोठा दिसतो. याचा उपाय मात्र फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून आपल्या भागातले रस्ते कुणालाही भरता येतात.

यंत्र तुमचं, पण सेवा कुणाची?

किंमत फक्त पेटीवर छापलेली नसते. मार्च २०२५ मध्ये गार्मिनने 'कनेक्ट प्लस' ही सशुल्क सेवा सुरू केली. महिन्याला ६.९९ डॉलर. आधीच्या सुविधा मोफतच राहतील, असं कंपनीने सांगितलं आहे. पण पुढच्या नव्या सुविधा कुठल्या बाजूला जाणार, हा प्रश्न ग्राहकांच्या मनात आला तो आलाच.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी स्ट्रावाने पेटंटच्या मुद्द्यावरून गार्मिनवर अमेरिकेत खटला भरला आणि काही आठवड्यांतच मागे घेतला. एका कंपनीच्या यंत्रावर राइड नोंदवायची आणि दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर टाकायची, ही लाखो लोकांची सवय दोन कंपन्यांच्या संबंधांवर किती अवलंबून आहे, हे त्या वेळी दिसलं.

त्याआधीचा धडा जुलै २०२० चा. सायबर हल्ल्यामुळे गार्मिनच्या ऑनलाइन सेवा काही दिवस ठप्प झाल्या होत्या. तेव्हाही यंत्रं राइड नोंदवत होती, पण ॲपवर काहीच चढत नव्हतं. ज्यांचा मार्ग आणि नकाशा यंत्रातच साठवलेला होता, त्यांचं फारसं अडलं नाही.

मोबाइलच का लावू नये?

शहरातल्या तास-दोन तासांच्या राइडसाठी जरूर लावा. स्क्रीन सहा इंचांची आहे आणि वेगळे पैसे नाहीत. पण उन्हात मोबाइल तापतो, सतत चालू स्क्रीन बॅटरी खाते आणि अपघात झाला तर फोन करायला हाच मोबाइल लागतो. रात्रीच्या लांब राइडमध्ये तो खिशात, चार्ज केलेला असणं जास्त गरजेचं.

अपग्रेड करण्याआधी हे प्रश्न विचारा

- महिन्यातून किती वेळा तुम्ही खरंच अनोळखी रस्त्यावर जाता? नेहमीचाच रस्ता असेल तर नकाशा लागतच नाही.
- सध्याचे आकडे वाचायला त्रास होतो का? आधी एका पानावरचे आकडे कमी करून बघा. आठऐवजी चार ठेवले की अक्षरं आपोआप मोठी होतात.
- तुमची सगळ्यात लांब राइड किती तासांची? नव्या यंत्राच्या दाव्यातून चौथा हिस्सा वजा करा. तरी पुरते का?
- पावसाळ्यात चालवता का? मग बटणं आहेत की फक्त टच, हे बघा.
- जुनं मॉडेल कमी किमतीत मिळतंय का? एज १०४० वर ३.५ इंचांची स्क्रीन आहे, दोन फ्रिक्वेन्सी आहेत आणि बॅटरी नव्यापेक्षा जास्त आहे.

अनोळखी वाटा आणि थकलेले डोळे, या दोन कारणांसाठी मोठी स्क्रीन पैसे वसूल करते. बाकी कशासाठीही घेतली, तर दुकानात एकदा पैसे मोजावे लागतात आणि घाटात बॅटरी संपली की दुसऱ्यांदा.