‘आपल्या माणसांचा फंड’ बुडतो तेव्हा

मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील युप्ला हा कंपनी-समूह अवसायनात निघाला. मरणानंतरच्या खर्चासाठी लोकांकडून आगाऊ हप्ते घेणे हा त्याचा धंदा. हप्ते भरणारे जवळजवळ सगळेच ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरचे मूळनिवासी. कोणी दहा वर्षे भरत होते, कोणी वीस. एका दिवसात दहा हजारांहून अधिक माणसांच्या पॉलिसीचा नुसता कागद उरला. कंपन्या जगभर बुडतात, त्यात नवे काही नाही. पण हा फंड ज्या पद्धतीने उभा राहिला, वाढला आणि बुडाला, ती पद्धत आंबेडकरी तरुणांनी नीट समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

त्या समाजात मृत्यू ही एका घरापुरती गोष्ट नसते. मृत्यूनंतरच्या विधींना आणि शोकाच्या काळाला ते ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. शेकडो किलोमीटरवरून नातलग येतात, मृताला त्याच्या मूळ भूमीत नेऊन पुरायचे असते, आलेल्यांची सोय करायची असते. हे नीट झाले नाही तर कुटुंबाला ती मोठी नामुष्की वाटते. त्यातच या समाजाचे सरासरी आयुर्मान इतर ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे घरात मयत पुन्हापुन्हा होते. गरिबी आणि मरणाचा मान, दोन्ही एकाच घरात असले की अंत्यसंस्काराचा हप्ता विकणे फार सोपे जाते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा फंड सुरू झाला तेव्हा त्याचे नाव होते ‘ॲबोरिजिनल कम्युनिटी बेनिफिट फंड’. समाजाचे नाव, समाजाच्या श्रद्धेतील इंद्रधनुष्य-सर्पाचे चित्र, समाजाचे रंग. साहजिकच लोकांना वाटले की हा आपल्याच माणसांनी आपल्यासाठी काढलेला फंड आहे. प्रत्यक्षात ती खासगी कंपनी होती आणि तिची मालकी ॲबोरिजिनल नव्हती. ‘युप्ला’ हे नाव नंतर आले. पुढे तिथल्या संघीय न्यायालयानेही मान्य केले की कंपनी ॲबोरिजिनल मालकीची किंवा व्यवस्थापनाची असल्याचा चुकीचा समज ग्राहकांमध्ये निर्माण केला गेला. पण न्यायालयाला हे ठरवायला बरीच वर्षे लागली. तोवर दारोदारी, वस्त्यावस्त्यांतून पॉलिसी विकून झाल्या होत्या. मोठ्या माणसांच्याच नव्हे, लहान मुलांच्या आणि तान्ह्या बाळांच्याही. जन्मलेल्या लेकराच्या मयतीचा हप्ता त्याच्या आईकडून घ्यायचा, याला काय म्हणावे?

२०१८ मध्ये बँका आणि विमा कंपन्यांच्या गैरकारभाराची चौकशी करणाऱ्या हेन आयोगासमोर एका ॲबोरिजिनल महिलेने साक्ष दिली. तिने तोवर दहा हजार डॉलरच्या आसपास भरले होते, आणि मृत्यूनंतर मिळणार होते जास्तीत जास्त आठ हजार. भरणे थांबवले तर तेही जाणार. कारण ही बचत नव्हती, विमा होता. बचतीत हप्ता थांबला तरी साठलेले आपले राहते. या प्रकारच्या विम्यात हप्ता थांबला की संरक्षण संपते आणि भरलेले परत येत नाही. हा फरक समजावून न सांगताच वर्षानुवर्षे सह्या घेतल्या गेल्या.

आता यात राज्यसंस्था कुठे होती ते पाहा. ऑस्ट्रेलियात सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांसाठी ‘सेंटरपे’ नावाची व्यवस्था आहे. भाडे, वीजबिल यांची रक्कम साहाय्य हातात पडण्याआधीच त्यातून कापून परस्पर दिली जाते. या फंडाचे हप्तेही कित्येक वर्षे, २०१७ पर्यंत, याच मार्गाने कापले जात होते. म्हणजे वसुलीसाठी कंपनीला माणूस पाठवायचीही गरज नव्हती. शिवाय जे पैसे सरकारच कापून देते, ते सरकारमान्यच असणार असे गरीब माणसाला वाटले तर त्यात त्याचे काय चुकले? सेंटरपे बंद झाले तेव्हा अनेकांचे हप्ते चुकले आणि ज्यांनी आधी इमानेइतबारे भरले होते त्यांचेच संरक्षण गेले.

आणि कायदा? अंत्यसंस्काराच्या खर्चाच्या पॉलिसींना तिथल्या वित्तीय कायद्यातील परवान्याच्या अटींतून सूट होती. रक्कम लहान, प्रकार किरकोळ, असा तो विचार. ही सूट काढा अशी शिफारस हेन आयोगाने केली आणि १ एप्रिल २०२० पासून ती गेली. नियामकाने त्याच वर्षी कंपनीला न्यायालयात खेचले. वानुआतू या बेटराष्ट्रातील एका विमा कंपनीशी केलेल्या व्यवहारांवरून माजी संचालकांवरही नंतर खटला भरला. हे सगळे झाले, पण जवळजवळ तीस वर्षांनी. सूट गेली आणि दोन वर्षांत फंड अवसायनात निघाला.

अवसायनानंतरच्या महिन्यांत अनेक घरांवर दुहेरी आघात झाला. घरात मयत आणि पॉलिसीचे पैसे नाहीत. मृतदेह शवागारात ठेवून वर्गणी गोळा करण्याची वेळ आली. याविरुद्ध ‘सेव्ह सॉरी बिझनेस’ ही आघाडी उभी राहिली. समाजातील ज्येष्ठ स्त्रिया, कर्जसल्ला देणाऱ्या संस्था, कायदेशीर मदत केंद्रे, शंभराहून अधिक संघटना तिच्यात होत्या. त्यांची मागणी दानाची नव्हती. सरकारी सूट आणि सरकारी कपात यांच्या आधाराने हा फंड वाढला, तेव्हा भरपाई सरकारचे देणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आधी तातडीचे अंत्यसंस्कार अनुदान मिळाले, आणि २०२४ मध्ये ९.७ कोटी डॉलरचा मदत कार्यक्रम जाहीर झाला. पात्र पॉलिसीधारकांना भरलेल्या हप्त्यांच्या ६० टक्के रक्कम, रोख किंवा अंत्यसंस्कारासाठीच्या सुरक्षित बचतीच्या रूपात. शंभर टक्के नाही, आणि ज्यांची पॉलिसी एप्रिल २०२० च्या आधीच बंद पडली ते यातून वगळलेच गेले. तरीही संघटित समाजाने सरकारकडून एवढे मिळवले, याची नोंद घ्यायला हवी.

हे केवळ वंचितांच्याच बाबतीत घडते असे नाही. त्याच मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमधील ‘सेफ हँड्स’ ही आगाऊ अंत्यसंस्कार योजना विकणारी कंपनी बुडाली, सुमारे ४६ हजार ग्राहकांसह. तिथेही हा धंदा नियामकाच्या कक्षेत आला तो त्यानंतर, जुलैच्या अखेरीस. मरणाचा पैसा नियमनाच्या बाहेर राहतो, याचे एक साधे कारण आहे. ज्याच्यासाठी पैसे भरले तो तक्रार करायला उरत नाही, आणि त्याचे नातलग त्या दिवसांत कागद वाचायच्या मनःस्थितीत नसतात.

आपल्याकडे अंत्यसंस्काराच्या आगाऊ पॉलिसीचा बाजार अजून तसा पसरलेला नाही. पण आपल्याकडे मयत फंड आहेत. चाळीचे, गावकऱ्यांच्या मंडळाचे, वस्तीतल्या विहाराचे. महिन्याला ठरलेली वर्गणी, आणि मयत झाली की त्या घरी त्याच दिवशी रक्कम पोचती. आम्ही या फंडांना नावे ठेवणार नाही. सावकाराच्या दारात न जाता माणसाला सन्मानाने निरोप देता येतो तो त्यांच्यामुळे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून एक भाग आपत्काळासाठी ठेवायला सांगितले आहे. मयत फंड म्हणजे वस्तीने मिळून ठेवलेला चौथा भाग.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. मयत फंडात पैसा कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असते. उद्या कोणी निळ्या रंगाचे पत्रक, बाबासाहेबांचा फोटो आणि ‘समाजाची स्वतःची संस्था’ ही ओळ घेऊन दारात आला, तर त्याच्या फोटोला आपण जयभीम करू, पण नोंदणी कुठली, पैसा कोणत्या बँकेत, हिशेब कोण तपासतो हे विचारायला जीभ रेटणार नाही. ‘आपल्याच माणसावर संशय?’ ही लाज हेच अशा धंद्याचे भांडवल असते. ॲबोरिजिनल समाजात तेच वापरले गेले.

बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, तो सहकारी बँकेलाही लागू होतो. पतसंस्थेतील ठेवीला तो लागू नाही. हे कित्येक सुशिक्षित घरांतही माहीत नसते. पतसंस्था किंवा फंड बुडाला तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली संस्थेची आणि चालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, पण पैसे हातात यायला वर्षे जातात. मयतीला वर्षे थांबता येत नाही. दुसरीकडे, वर्षाला ४३६ रुपये कापून २ लाखांचे संरक्षण देणारी पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना अनेकांच्या खात्यावर चालू असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. माणूस गेल्यावर पासबुकावरची ती ओळ कोणी पाहत नाही, दावा दाखल होत नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीत दहा पासबुके उघडून पाहिली तरी हे ध्यानात येईल.

वर्षावासात विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, माणसे रोज जमतात. त्यातली एक संध्याकाळ मयत फंडाच्या वहीसाठी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. वही मोठ्याने वाचायची. जमा किती, दिले किती, शिल्लक कोणत्या खात्यात, सही कोणा दोघांची. आणि त्याच बैठकीला बायकांनी घरातले विम्याचे, भिशीचे, फंडाचे सगळे कागद पिशवीतून आणायचे, तरुणांनी ते वाचून दाखवायचे.