बालगृहाला श्रीखंड पुरे झाले



घरात वाढदिवस किंवा पुण्यतिथी आली की आपल्याला बालगृह आठवते. पंगत वाढली, फोटो काढले, निघालो. आहारदान झाले, पण चार दानांत ज्ञानदानही आहे ना? आपला नातू तिसऱ्या वर्षी नर्सरीत जातो, तेव्हा तिथल्या तीन वर्षांच्या पोराला गोष्ट कोण सांगते?

शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो खरा. पण २०१५ चा बाल न्याय कायदा प्रत्येक मुलाची स्वतंत्र काळजी योजना मागतो, आणि तीत शिक्षणाबरोबर खेळही आहे. ‘सगळी मुले मजेत आहेत’ ही योजना नव्हे! कोण अजून नीट बोलत नाही, त्याच्याशी रोज कोण बोलत बसणार, हे लिहिलेले हवे. मुलांचे कागद आपल्याला दाखवणार नाहीत, ते योग्यच. पण योजनेतल्या कोणत्या कामाला माणूस नाही, एवढे तरी अधीक्षकांना विचारा.

मी कॉमर्सवाली, मला हिशेब दिसतो. बारा घरांनी एकेक पंगत सोडून ते पैसे एकत्र केले, तर बालवाडीच्या बाईंचा पगार उभा राहतो. या पोरांनी माणसे सोडून जाताना पाहिली आहेत, म्हणून बाई वर्षभर एकच हवी, दर महिन्याला नवी नको.